करंज्यांचा डबा

संत्र्याच्या सालीचा वास आला की माझं डोकं फिरतं. नाताळच्या दिवसांत हा वास लोकांना फार आवडतो म्हणे. मलाही आवडायचा, दहा वर्षांची होईपर्यंत. आता ऑफिसात कुणी शेजारी बसून संत्रं सोलायला घेतलं की मी उठते, पाण्याच्या कूलरपाशी जाते आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी पिते.

यंदा उठून जायची सोय नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी इथे जयपूरला, बनी पार्कातल्या त्या चर्चच्या हॉलचं दार उघडलं आणि तोच वास अंगावर आला. आधी ओल्या चुन्याचा, मग जुन्या सतरंज्यांचा, आणि त्याच्या खाली कुठंतरी संत्र्याचा. पंचवीस वर्षांत भिंतींना तीन-चारदा तरी रंग दिला असेल. खिडक्या बदलल्यात, पंखे नवे आहेत, फरशीसुद्धा बदललीय. वास मात्र आहे तिथेच आहे.

मी काही तिथे आठवणी काढत बसायला गेले नव्हते. मला कंपनीने पाठवलं होतं. आमची कंपनी सीतापुऱ्यात आहे. दर डिसेंबरात खालच्या लॉबीत पुठ्ठ्याचं एक ख्रिसमसचं झाड उभं करतात आणि त्याला कागदी चांदण्या लावतात. प्रत्येक चांदणीवर एका गरीब मुलाचं नाव, वय आणि त्याला काय हवंय ते. ‘काजल, वय १०, स्कूल बॅग.’ आपण चांदणी काढायची, वस्तू आणून द्यायची, वर खाऊसाठी वर्गणी द्यायची. मग एका रविवारी मुलांना बोलावतात, वस्तू वाटतात, खाऊचा खोका देतात आणि एकेकाचा फोटो काढतात. हातात वस्तू, छातीशी पाटी, पाटीवर देणाऱ्याचं नाव. तो फोटो देणाऱ्याला जातो. लोक तो फोनवर एकमेकांना दाखवतात. मी पाहिलंय.

हे सगळं निखिल बघतो. पुण्याचा आहे, तिशीचा असेल, कामाला वाघ. खोटं नाही बोलणार, या कामासाठी तो महिनाभर जीव काढतो. त्यानेच मला विचारलं, "तुझं लहानपण जयपूरलाच गेलंय ना? मग एखादा स्वस्तातला हॉल बघ ना गं." मी म्हटलं, एक माहीत आहे. कसा माहीत आहे ते सांगितलं नाही.

कसा माहीत असणार? मी त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा फौजेत हवालदार, म्हणून जयपूर. बाबा गेले. कसे नि का ते इथे लिहीत नाही, ते लिहायला घेतलं तर हे राहून जाईल. क्वार्टर सोडावं लागलं. आई गावी परतली नाही. बनी पार्कातल्या एका गेस्टहाऊसमध्ये तिने स्वयंपाकाचं काम धरलं आणि मागच्या अंगणातली एक खोली आम्हाला मिळाली. तिथल्या हिवाळ्याचे आवाज मला अजून पाठ आहेत. सकाळी स्टेशनच्या भोंग्यावरून गाड्यांची नावं ऐकू यायची. दोरीवर गेस्टहाऊसच्या पांढऱ्या चादरी फडफडायच्या. कुंपणाच्या भिंतीवर मोर येऊन बसायचा आणि आई शेगडीत कोळसे घालता घालता त्याला म्हणायची, "काय पावणं, च्या घेणार का?" थंडी अशी पडायची की खोबरेल तेलाची बाटली आम्ही शेगडीपाशी ठेवायचो. हातांना कोळशाचा वास यायचा, रजईला उन्हाचा यायचा.

समोरच्या घरात रोझी आंटी राहायच्या. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, तेव्हा निवृत्त झालेल्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात पुरुषी स्वेटर, आवाज खणखणीत. डिसेंबर लागला की रोज संध्याकाळी त्या निघायच्या. बरोबर पाच-सहा जण, एक ढोलक, एक झांज, पत्र्याचा एक डबा आणि एक भलीमोठी गोणपाटाची झोळी. दारोदार जायचं, हिंदीत येशूच्या जन्माची गाणी म्हणायची आणि झोळी पुढं करायची. ख्रिस्ती घर असो, मारवाडी असो, सरदारजींचं असो. मीही मागे मागे जायचे, झोळीचं एक टोक धरून. त्या झोळीत काय काय पडायचं म्हणून सांगू! शेंगदाणे, तिळाची गजक, लोकरीचे गुंडे, अर्ध्या झिजलेल्या पेन्सिली, लहान झालेले स्वेटर. एका घरून एकदा नुसते कोळसे मिळाले होते, तेही त्यांनी वाजतगाजत घेतले.

नाताळच्या आदल्या रविवारी हॉलमध्ये मुलांचं जेवण. सफाईवाल्यांची मुलं, रिक्षावाल्यांची, गेस्टहाऊसच्या स्वयंपाकिणीची मी, आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या डॉक्टरांच्या दोन मुलीसुद्धा. सगळे एका सतरंजीवर. प्रत्येकाला जुन्या छापील कापडाची शिवलेली एक पिशवी मिळायची. आत स्वेटर नाहीतर मोजे, पेन्सिल, मूठभर शेंगदाणे आणि एक संत्रं. डॉक्टरांच्या मुलींनाही तीच पिशवी आणि मलाही तीच.

पण आत जायला एक अट होती. रोझी आंटी स्वतः दारात टोपली घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "खाली हाथ कोई नहीं आएगा।" काहीतरी आणायचंच. एक बटाटा चालेल, मूठभर तांदूळ चालतील, पुडीत बांधलेलं मीठ चालेल. जे येईल त्याची तिथेच मागच्या अंगणात मोठ्या डेगचीत खिचडी व्हायची. एका वर्षी एक मुलगी काहीच नाही म्हणून हापशावरून बादलीभर पाणी घेऊन आली. वाटेत निम्मं सांडलेलं, फ्रॉक ओला, ओठ निळे पडलेले. रोझी आंटींनी ती बादली दोन्ही हातांनी घेतली आणि ओरडून आत सांगितलं, "पानी आ गया, अब चढ़ाओ खिचड़ी!" ती मुलगी त्या दिवशी अशी ताठ बसली होती, जशी काही सगळी खिचडी तिच्याच घरची.

आमच्याकडून करंज्या जायच्या. आईचा एक स्टीलचा डबा आहे, लग्नातला. झाकणावर कोरलंय, ‘चि. सौ. कां. सुमन हिस मामांकडून सप्रेम भेट.’ त्या डब्यात एकवीस करंज्या. सुट्टीच्या दिवशी आई पहाटे उठून सारण भाजायची. तीळ, खसखस, सुकं खोबरं. त्या एका खोलीत वेलदोड्याचा वास इतका भरायचा की शाळेच्या दप्तरालाही लागायचा. करंज्यांच्या कडांवर मी कातणं फिरवायचे. रोझी आंटींच्या घरीही नाताळाला गुजिया करतात, त्यामुळे दरवर्षी भांडण ठरलेलं.

"सुमन, तेरी गुजिया में मावा कम है।"

"ओ गुजिया नाय, रोझीबाई. करंजी है करंजी! मावा डालता ही नहीं हम लोग."

"तो फिर इतनी अच्छी कैसे लगती है?"

आई हसायची, पदराला हात पुसायची. बाबा गेल्यानंतर आईला असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. गेस्टहाऊसमध्ये ती ‘खाने वाली बाई’ होती. तिच्या हातची भाजी लोक खायचे आणि ताट सरकवून निघून जायचे. या एका दिवशी ती कुणाची नोकर नसायची. तिने दिलेलं असायचं आणि लोकांनी घेतलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत यायचा. रोझी आंटी स्वतः आणून द्यायच्या आणि तो कधी रिकामा नसायचा. कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेला केकचा तुकडा, कधी दोन पेरू, एकदा लोकरीचा निळा गुंडा. आई कबूल करायची नाही, पण त्या सकाळी ती दाराकडे दहा वेळा बघायची. डबा आला की आधी झाकण उघडून आत डोकवायची आणि म्हणायची, "काय बाई तरी ही, कशाला केलं हे सगळं?" त्या निळ्या गुंड्याचं पुढे माझं टोपरं झालं.

मी दहा वर्षांची झाले त्या साली रोझी आंटींचे गुडघे गेले. दारोदार फिरणं जमेना. मग शहरातली मोठी माणसं पुढे आली, कुठल्याशा क्लबातली. ती म्हणाली, तुम्ही बसा, आम्ही सगळं करतो. आणि केलंही, मेल्यांनी! माईक आणला, स्टेज बांधलं, खुर्च्या मांडल्या. स्टेजच्या मागे लांबलचक कापड लावलं आणि त्यावर लिहिलं, ‘गरीब बच्चों का क्रिसमस’. मी हिंदी शाळेत शिकत होते, मला वाचता येत होतं. वाचलं आणि मी मागे वळून बघितलं, गरीब मुलं कुठे बसलीत म्हणून.

डॉक्टरांच्या मुली आल्या नव्हत्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

दारात टोपली नव्हती. ब्लेझर घातलेला एक माणूस यादी घेऊन उभा होता. "बाहर का खाना अंदर नहीं जाएगा। उधर रख दो।" भिंतीच्या कडेला बटाट्यांचा, कांद्यांचा, पुड्यांचा एक ढीग पडला होता. त्यातली एक तांदळाची पुडी फुटली होती आणि त्यावर चिमण्या आल्या होत्या. आईला त्या दिवशी गेस्टहाऊसमध्ये मोठं जेवण होतं, म्हणून डबा घेऊन मी एकटीच आले होते. मी रोझी आंटींना शोधलं. त्या स्टेजवर खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर शाल, गळ्यात झेंडूचा हार. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातला डबा पाहिला आणि मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघायला लागल्या.

तो राग माझा अजून गेलेला नाही. गुडघे दुखत होते, मान्य. झोळी रिकामी होती, मुलांना काही मिळालंच नसतं, तेही मान्य. पण तोंड होतं ना! आयुष्यभर डॉक्टरांना दरडावलेलं ते तोंड! एक शब्द बोलायला काय झालं होतं? त्या आता नाहीत. मी त्यांच्याशी मनात भांडते आणि मग मला त्यांचे ते पांढरे बूट आठवतात, खडूने पांढरे केलेले, आणि मला आणखीच राग येतो.

मी हॉलच्या मागे गेले. तिथे एक भिंत आहे, तिच्यावर माकडं बसतात. डबा उघडला. एकवीस करंज्या, अजून कोमट. भरलेला डबा घरी नेला असता तर आईला काय सांगणार होते? तुझं नको म्हणाले? मी एकेक करंजी उचलली आणि भिंतीपलीकडे फेकली. माकडं खाली उतरली. मी मोजून एकवीस फेकल्या. मग फ्रॉकने डबा आतून पुसला, चांगला कोरडा केला आणि आत गेले. माझं नाव पुकारलं. मला एक गुलाबी दप्तर दिलं, दोन बकलांचं. छातीशी पाटी धरायला दिली. एक बाई म्हणाल्या, "हँसो बेटा, हँसो।" मी हसले. आणि लिहायला लाज वाटते, पण दप्तर मला आवडलं. फार आवडलं. नंतर खाऊचा खोका मिळाला, त्यात संत्रं होतं. तुपाच्या हातांनीच मी ते सोललं.

घरी गेले. डबा आईपुढे ठेवला. "सगळ्या खाल्ल्या," म्हटलं. "सगळ्यांना आवडल्या."

आईने झाकण उघडलं, आत बघितलं. मग तळाला एक बोट फिरवलं, उगाच, सावकाश. "बरं," म्हणाली. डबा घासला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. पुढच्या नाताळात तिने करंज्या केल्या नाहीत. मला वाटलं, काम वाढलंय. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही सातारला परतलो. माझी लबाडी पचली असं मी धरून चालले. तो डबा आता माझ्याकडे आहे. नोकरीला इथे यायला निघाले तेव्हा आईनेच दिला. रोज त्यातून मी ऑफिसला जेवण नेते.

तर हा गेला रविवार.

तोच हॉल. त्रेपन्न मुलं. सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या, कारण फोटोत छान दिसतं. दाराशी गार्ड. दारावर नियमांचा कागद. नियम क्रमांक चार, ‘बच्चे घर से खाने की कोई चीज़ न लाएँ।’ तो कागद कुणी टाइप केला होता? मी. गेल्या वर्षीच्या फायलीतून उचलला आणि तारीख बदलली. घाईत वाचला नव्हता असं म्हणायला मला आवडलं असतं. वाचला होता. चौथ्या नियमाशी थांबलेसुद्धा होते. मग पुढे गेले.

दहाच्या सुमाराला एक मुलगी आली. दोन घट्ट वेण्या, तेल कपाळापर्यंत उतरलेलं, स्वेटरची बाही एक लांब एक आखूड. हातात फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा. यादीत बघितलं, काजल. तिची आई आमच्या जवळच्याच एका एक्सपोर्टच्या कारखान्यात कपड्यांचे धागे कापते. मूळची जयपूरजवळच्या चाकसू गावची. रविवार असूनही ड्यूटीवर होती, आणि तसंही आईबापांना आम्ही बोलावलेलंच नव्हतं. गार्डने डब्याकडे बोट केलं.

"इसमें क्या है?"

"लड्डू। मम्मी ने भेजे हैं। सबके लिए।"

"बाहर का खाना अलाउड नहीं है। उधर रख दे।"

निखिल पुढे झाला. तो वाईट नाही हो. गुडघ्यावर बसला, गोड आवाजात म्हणाला, "बेटा, ये वापस घर ले जाना, ठीक है? यहाँ बहुत सारा खाना है।" मग उठून माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "कुणाला काही बाधलं तर निस्तरायचं कुणी?"

आणि मी काय केलं? काजलच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

मान वर केली तेव्हा ती आत गेलेली नव्हती. हॉलच्या कडेकडेने, डबा पोटाशी धरून, मागे चालली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ती भिंत माहीत होती! यादी, पेन, टोप्यांची पिशवी, सगळं टाकून मी धावले.

फडकं सोडलेलं होतं. एक लाडू तिच्या हातात होता आणि हात वर गेला होता. भिंतीवर तीन माकडं टपून बसली होती.

"अगं, फेकू नकोस!" मी मराठीतच ओरडले.

ती दचकली. "मैं फेंक नहीं रही थी। मैं तो बस…"

"मुझे दे।"

चांगला इस्त्रीचा ड्रेस घालून मी तिथे धुळीत बसले आणि लाडू खाल्ला. बाजरीचा, गुळाचा, भरपूर तीळ, आणि चुलीच्या धुराचा थोडासा वास. काजल माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"अच्छा है?"

"बहुत अच्छा है।"

"मम्मी ने रात को बनाए। घी कम पड़ गया था, तो बगल वाली से लिया।"

तेवढ्यात निखिल शोधत आला. "अगं तू इथे काय करतेयस? फोटोची लाइन लागलीय. फोटोग्राफरला बारापर्यंतच..."

"खा," मी म्हटलं.

"काय?"

"लाडू. खा हा."

"अगं पण पॉलिसी…"

"पॉलिसी मी टाइप केलीय, मला नको सांगूस! सकाळपासून तू प्रत्येक पोराला ‘लो बेटा, लो बेटा’ म्हणतोयस. एकदा घे की! एकदा घेऊन बघ ना कुणाकडून तरी! का हात झडतात घेताना?"

एवढ्या मोठ्यांदा मी ऑफिसात कधी बोललेले नाही. माकडंसुद्धा मागे सरकली. निखिलचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "मी सुट्ट्या सोडून हे सगळं करतो. लोक मनापासून देतात. आणि तू मला असं बोलतेस?"

"मनापासून देतात ना? मग पाटी कशाला लागते?"

काजल एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण भांडण तिच्या डब्यावरून चाललंय एवढं कळत होतं. तिने एक लाडू उचलला आणि निखिलपुढे धरला. त्याने घेतला. औषध घेतल्यासारखा एक घास घेतला, मग दुसरा घेतला, आणि बोटांना लागलेले तीळही चाटले.

"हिचा फोटो निघणार नाही," मी म्हटलं.

"आणि ज्याने दप्तर दिलंय त्याला काय पाठवू?"

"त्याला सांग, काजलच्या आईने लाडू पाठवलेत. त्याचीही पोच कुणीतरी तिला द्यायला हवी."

"वर उत्तर तुला द्यावं लागेल."

"देईन."

डब्यात नऊ लाडू उरले होते. आम्ही ते हॉलमध्ये नेले आणि चुरून चुरून वाटले. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर आलं. काजल स्वतः वाटत फिरली. डोक्यावरची लाल टोपी तिने काढून खिशात कोंबली होती. बाकीचे फोटो निघाले, खोटं कशाला सांगू? पाट्यांसकट निघाले. सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलं, मी जे बोलायचं ते बोलले, पुढच्या वर्षी काय होतं ते बघू. कागदावरचा चौथा नियम तेवढा मी रविवारीच दुपारी पेनने खोडला. घरून काहीतरी आणावं, असं त्याच्या जागी लिहिलं. अक्षर रागात आलंय, पण वाचता येतं.

एकच्या सुमाराला मुलं निघाली. काजल पाठीला नवं निळं दप्तर अडकवून माझ्यापाशी आली. हातात रिकामा डबा, झाकण उघडं.

"आंटी, इसमें कुछ रख दो।"

"क्या रखूँ?"

"कुछ भी। खाली देखेगी तो मम्मी मानेगी ही नहीं कि आप लोगों ने खाए। समझ जाएगी कि मैंने फेंक दिए।"

मी तिच्याकडे बघतच राहिले. डब्याच्या तळावरून सावकाश फिरणारं ते बोट. "बरं." फळीवर पालथा घातलेला डबा. आणि मी शहाणी, फ्रॉकने तो पुसून, कोरडाठाक करून नेला होता! सगळ्यांनी खाल्ल्याचा पुरावा म्हणून!

मी माझी पिशवी उघडली. त्यात आईचा डबा होता, मामांकडून सप्रेम भेट. सकाळी रात्रीच्या पोळ्या चुरून, गूळ-तूप घालून दोन लाडू वळून घेतले होते. दोन्ही काजलच्या डब्यात ठेवले. तिने वाकून वास घेतला, झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

ती फाटकाबाहेर गेली. मी हॉलच्या पायरीवर बसले आणि आईला फोन लावला. तिकडे कुकरची शिटी होत होती.

"आई, एक सांगायचंय. रोझी आंटींच्या त्या शेवटच्या कार्यक्रमात मी तुझ्या करंज्या फेकल्या होत्या. माकडांना. कुणी आत घेतल्याच नाहीत."

खट्कन गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासनं. रोझीबाईकडनं डबा कधी मोकळा आला होता का? आणि तूही आणलास तो असा पुसून, घासल्यावाणी!"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? नवं दप्तर पाठीला लावून आलेलीस. आल्या आल्या हसत होतीस." तिचा आवाज चढला. पंचवीस वर्षं दाबून ठेवलेला राग होता तो, माझ्याइतकाच धडधाकट. "तुझा राग नव्हता गं पोरी. त्यांचा होता. माझ्या हातचं त्यांना चालंना, आणि माझ्या पोरीला पाटी धरून उभं केलं! फोटोत हसवली! तवापासनं कातणं हातात धरू वाटंना मला." मग एकदम, "खाल्ल्या तरी का माकडांनी?"

"सगळ्या खाल्ल्या."

"मग बरं."

मी तिला काजलचं सगळं सांगितलं. लाडू, भिंत, निखिल, चुरा करून वाटलेलं. ती हूं हूं करत ऐकत होती. मधेच तिने मला तोडलं.

"ते राहू दे. त्या पोरीचा डबा मोकळा न्हाई ना पाठवलास?"

"नाही. पोळीचे दोन लाडू घातले."

"दोनच?" आई कडाडली.